अरण्याची खानेसुमारी

माणसांची खानेसुमारी आपल्या परिचयाची आहे. गणक घरोघर फिरतो, माणसें मोजतो, प्रत्येकाचें वय, शिक्षण आणि धंदा टिपून घेतो. आणि मग देशांत माणसें किती वाढलीं, कोठून कोठें गेलीं, हें आपणांस कळतें. आज ज्या खानेसुमारीविषयीं मी बोलणार आहें, ती अरण्यांतील झाडांची आहे. अरण्याचा एक तुकडा आखून घ्यावयाचा. त्यांतील प्रत्येक झाडाला, अगदीं करंगळीएवढ्या जाडीच्या रोपट्यालाही, क्रमांक द्यावयाचा. त्याची जाति, जागा आणि जाडी लिहून ठेवावयाची. आणि कांहीं वर्षांनीं पुन्हां त्याच झाडापाशीं जाऊन तें जगलें कीं मेलें, वाढलें तर किती वाढलें, हें पाहावयाचें. उष्ण कटिबंधांतील कांहीं अरण्यांत हें काम चाळीस वर्षांहून अधिक काळ चाललें आहे. त्यांतून काय हातीं लागलें, आणि त्याचा आपल्याशीं संबंध काय, हें थोडक्यांत सांगण्याचा माझा विचार आहे.

अरण्य कळण्यासाठीं इतका खटाटोप कशाला, असें प्रथम मनांत येईल. अरण्य तर डोळ्यांसमोर उभें आहे! परंतु आपल्या डोळ्यांची अडचण अशी कीं, ते फार थोडा काळ पाहतात. एखादा मोठा वृक्ष दोनतीनशें वर्षें जगतो. त्याचा अभ्यास करणाऱ्या माणसाची उमेदीचीं वर्षें तीस, फार तर चाळीस. आजोबांनीं पाहिलेलें राईंतलें झाड नातवालाही तसेंच दिसतें, आणि त्यावरून अरण्य म्हणजे कधीं न बदलणारी वस्तु अशी आपली समजूत होऊन बसते. बदल होत असतो, पण तो घड्याळाच्या तासकांट्यासारखा; पाहत बसलें तर हलतांना दिसत नाहीं.

थंड देशांत ही अडचण थोडी कमी आहे. तेथें हिवाळ्यांत झाडाची वाढ थांबते, वसंतांत पुन्हां सुरू होते, आणि खोडांत दर वर्षाचें एक वलय उमटतें. खोडांतून पेन्सिलीएवढा नमुना काढून वलयें मोजलीं कीं झाडाचें वय कळतें, आणि कोणतें वर्ष सुकाळाचें व कोणतें दुष्काळाचें होतें, हेंही वाचतां येतें. उष्ण कटिबंधांत असा कडक हिवाळा नाहीं. तेथील बहुसंख्य झाडांच्या खोडांत वर्षागणिक एक असें स्पष्ट वलय सांपडत नाहीं. आपला साग हा याला एक ठळक अपवाद आहे. सदाहरित रानांतील वृक्षाचें वय मात्र त्याच्याकडे पाहून सांगतां येत नाहीं, आणि तो कापूनही बहुधा सांगतां येत नाहीं.

दुसरी अडचण जातींच्या संख्येची. उत्तरेकडील थंड प्रदेशांत मैलच्या मैल चाललें तरी झाडांच्या पांचदहा जाती भेटतात. उलट बोर्निओ बेटावर लांबीर येथें अवघ्या ५२ हेक्टरांत झाडांच्या सुमारे १,२०० जाती नोंदल्या गेल्या आहेत. एवढ्या जाती एकाच जमिनीवर, एकाच पावसांत आणि एकाच सूर्यप्रकाशासाठीं धडपडत असतां, त्यांतील एखादी बलवान जाति इतरांना हुसकून सारें रान व्यापून कां टाकीत नाहीं? हा प्रश्न निसर्गाच्या अभ्यासकांना दीर्घकाळ कोड्यांत टाकीत आला आहे. त्याचें उत्तर मिळवावयाचें तर झाडांचें जन्ममरण मोजणें भाग होतें.

ही मोजणी जेथें मोठ्या प्रमाणावर प्रथम झाली, तें ठिकाण मध्य अमेरिकेंत आहे. पनामाच्या कालव्याचें नांव आपण शाळेंत ऐकलेलें असतें. या कालव्यासाठीं चाग्रेस नदीवर गातून येथें धरण बांधलें. पाणी चढत गेलें, रानानें भरलेलें खोरें बुडालें, आणि १९१४ सालीं कालवा खुला झाला तेव्हां एका टेकडीचा माथा त्या विस्तीर्ण सरोवरांत बेट होऊन उरला होता. हेंच बारो कोलोराडो बेट. त्याचें क्षेत्रफळ सुमारे १,५०० हेक्टर आहे. १९२३ सालीं तें शास्त्रीय अभ्यासासाठीं राखून ठेवण्यांत आलें, आणि १९४६ पासून तें अमेरिकेंतील स्मिथसोनियन संस्थेच्या देखरेखीखालीं आहे.

येथें एका बाजूच्या गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. हें बेट राखीव झाल्यावर त्यावर कोणी कुऱ्हाड चालविली नाहीं. तरीही तेथील पक्ष्यांच्या अनेक जाती कालांतरानें नाहींशा झाल्या. रान होतें, झाडें होतीं. परंतु चोहोंकडून पाण्यानें वेढलेल्या त्या तुकड्यावर कांहीं पक्ष्यांची संख्या घटत घटत शून्यावर आली, आणि जमिनीलगतच्या दाट रानांत राहणारे हे पक्षी पाणी ओलांडून पुन्हां आले नाहींत. हें कळलें तें जुन्या टिपणांमुळें. फ्रँक चॅपमन यांच्यासारख्या पक्षिशास्त्रज्ञांनीं १९२० नंतरच्या दशकांत तेथें काय पाहिलें तें लिहून ठेविलें होतें. पुढें एडविन विलिस यांनीं वर्षानुवर्षें तेथील पक्ष्यांवर लक्ष ठेवून १९७४ सालीं ही घट जगापुढें मांडली. आधींची यादी नसती, तर जे पक्षी उरले तेवढेच मूळचे, असें कोणीही समजलें असतें. जें हरवलें त्याची आठवण ठेवणारा कोणी नसेल, तर हरवलें हेंही कळत नाहीं.

आतां झाडांकडे वळूं. १९८० सालीं स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर या शास्त्रज्ञांनीं बेटावरील जुन्या रानांत एक किलोमीटर लांब आणि अर्धा किलोमीटर रुंद असा तुकडा आखण्यास आरंभ केला. म्हणजे ५० हेक्टर, सुमारे सव्वाशें एकर. त्याचे वीस वीस मीटरांचे १,२५० चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनांत शिरून, ज्याचा बुंधा छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३ मीटरांवर, एक सेंटिमीटर किंवा अधिक जाड भरेल असें प्रत्येक झाड व झुडूप नोंदवावयाचें ठरलें. पहिली गणना पुरी झाली तेव्हां दोन लक्षांहून अधिक झाडें आणि सुमारे ३०० जाती वहींत उतरल्या होत्या. कांहीं जातींचीं हजारों झाडें निघालीं, तर कांहींचें सव्वाशें एकरांत अवघें एकच. पुढें १९८५ सालीं, आणि त्यानंतर पांच पांच वर्षांच्या अंतरानें, याच झाडांची पुन्हां गणना होऊं लागली.

ऐकावयास हें काम सोपें वाटेल; पण त्यांतील बारकावे ध्यानांत घेतले म्हणजे त्याची किंमत कळते. झाडाचा बुंधा वर्षाला बहुधा कांहीं मिलिमीटरांनींच जाड होतो. गर्द सावलींतलें रोपटें तर वर्षाला एका मिलिमीटरानेंही वाढत नाहीं. फीत बोटभर वर सरकली, किंवा तिच्याखालीं एखादी वेल अथवा वाळवीची माती सांपडली, तर पांच वर्षांची सारी वाढ खोटी ठरते. म्हणून मोठ्या झाडांवर मापाच्या जागीं रंगाची रेघ ओढून ठेवतात. पुष्कळ मोठ्या वृक्षांच्या बुडाशीं भिंतीसारखीं आधारमुळें पसरलेलीं असतात. आपल्याकडे सांवरीच्या जुन्या झाडाला तशीं दिसतात. तेथें शिडी लावून, मुळें जेथें संपतात त्याच्या वर माप घ्यावें लागतें. प्रत्येक झाडाला ॲल्युमिनियमचा क्रमांकाचा बिल्ला असतो. झाड दिसलें नाहीं तर जमिनीवरचा पाचोळा उपसून तो बिल्ला शोधावयाचा. कारण 'मेलें' आणि 'सांपडलें नाहीं' यांत हिशेबाच्या दृष्टीनें मोठें अंतर आहे.

सर्वांत अवघड काम ओळखण्याचें. फुलाफळांवरून झाड ओळखणें वेगळें, आणि करंगळीएवढी काठी व तिच्यावरचीं चार पानें पाहून तिची जाति सांगणें वेगळें. पान चुरगळून वास घ्यावा, सालीला नख लावून चीक येतो का पाहावें, देठाची ठेवण निरखावी, आणि मग नांव द्यावें. हें ज्ञान पुस्तकांतून थोडें आणि सोबतीनें अधिक येतें. म्हणूनच अशा ठिकाणीं वर्षानुवर्षें काम केलेला स्थानिक मदतनीस हा एखाद्या ग्रंथालयाइतका मोलाचा असतो.

आतां या वह्यांनीं काय सांगितलें तें पाहूं.

पहिली गोष्ट अशी कीं, अरण्य दिसतें तितकें स्थिर नाहीं. बारो कोलोराडोवर मोठ्या झाडांपैकीं सामान्यतः शेंकडा दोन झाडें दरवर्षीं मरतात. शेंकडा दोन हा आंकडा लहान वाटतो. परंतु त्याचा हिशेब मांडला तर सुमारे पस्तीस वर्षांत निम्मीं झाडें गेलेलीं असतात आणि त्यांच्या जागीं दुसरीं आलेलीं असतात. वाटसरूला तेंच रान दिसतें. राहणारे मात्र निम्मे बदललेले असतात.

दुसरी गोष्ट योगायोगानें कळली. पहिली गणना संपते न संपते तोंच १९८२-८३ मध्यें पॅसिफिक महासागराचें पाणी विलक्षण तापलें. या घटनेला एल निन्यो म्हणतात. आपल्या मोसमी पावसाशींही तिचा संबंध आहे. पनामांत डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत कोरडा ऋतु असतो. १९८३ सालीं तो लांबला आणि कडक झाला. १९८५ च्या गणनेंत त्याचा परिणाम आंकड्यांनीं पुढें आला: मोठ्या झाडांचें वार्षिक मृत्युमान शेंकडा दोनच्या ऐवजीं शेंकडा तीनच्या जवळ गेलें होतें. पुढच्या पांच वर्षांत तें पुन्हां खालीं उतरलें. तरीही सारें पूर्ववत् झालें नाहीं. ज्या जातींना ओलावा सतत लागतो, ज्या उतारावरील झिरपत्या जमिनीच्या आश्रयानें राहतात, त्यांची संख्या पुढेंही घटत गेली. पौल्सेनिया नांवाचा एक मोठा वृक्ष पहिल्या गणनेंत चांगला विपुल होता. नंतरच्या दशकांत त्याची संख्या निम्म्याहूनही खालीं आली. अरण्य उभें होतें, हिरवें होतें, कोणी तें तोडलें नव्हतें. आणि तरी त्याची घडण आंतून बदलत होती. दुष्काळापूर्वीं एकदां मोजून ठेवलें नसतें, तर यांतील एकही गोष्ट सिद्ध करतां आली नसती.

तिसरी गोष्ट एका आवडत्या समजुतीची. मोठें झाड कोसळलें कीं रानाच्या छतांत भगदाड पडतें, ऊन जमिनीपर्यंत पोंचतें, आणि तेथें नव्या रोपांची झुंबड उडते. या भगदाडांमुळेंच निरनिराळ्या जातींना संधि मिळते व रानांत एवढें वैविध्य टिकतें, असें अनेक शास्त्रज्ञ मानीत. विचार सुटसुटीत होता. हबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं आपल्या नोंदींवर तो ताडून पाहिला, आणि १९९९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. भगदाडांत रोपें दाट येतात, हें खरें ठरलें. परंतु जितकीं रोपें तितक्या जाती या हिशेबानें पाहतां, भगदाडांतील वैविध्य सावलींतल्या रानाहून अधिक नव्हतें. कारण साधें होतें. ऊन सर्वांसाठीं मोकळें झालें तरी सर्वांच्या बिया तेथें पोंचत नाहींत. ज्याची बी जवळ पडली तो त्या जागेचा धनी होतो.

मग वैविध्य टिकतें कशानें? याचें एक उत्तर डॅनियल जॅन्झेन यांनीं १९७० सालीं आणि जोसेफ कॉनेल यांनीं १९७१ सालीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, सुचविलें होतें. कॉनेल यांनीं ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंडच्या रानांत १९६३ पासून रोपें मोजण्याचें काम चालविलें होतें. त्यांची कल्पना समजावयास आपलें अंगण पुरेसें आहे. पावसाळ्याच्या आरंभीं जांभळीच्या झाडाखालीं रोपांचा गालिचा उगवतो. दिवाळीपर्यंत त्यांतलीं किती उरतात? मोठ्या झाडाच्या आसपास त्या झाडाचे खास शत्रूही जमलेले असतात: त्याचीच पानें खाणारे किडे, त्याच्याच मुळांना कुजविणारी बुरशी. आईच्या पायाशीं पडलेली बी या शत्रूंच्या तोंडीं जाते. पक्ष्यानें किंवा वटवाघळानें दूर नेऊन टाकलेली बी वांचण्याचा संभव अधिक. जी जाति फार गर्दी करते तिचे शत्रूही तितकेच माजतात, आणि विरळ जातींना जागा मोकळी राहते.

कल्पना सुंदर असणें निराळें आणि ती खरी ठरणें निराळें. बारो कोलोराडोच्या तुकड्यांत १९८७ पासून जाळीचीं २०० पात्रें मांडलेलीं आहेत. वरून पडणाऱ्या बिया त्यांत सांचतात, आणि दर आठवड्याला कोणीतरी जाऊन त्या वेंचून, ओळखून, मोजून लिहून ठेवतो. शेजारच्या जमिनीवर किती रोपें उगवलीं तेंही पाहिलें जातें. अशा लक्षावधि बियांच्या हिशेबावरून २००० सालीं असें दाखविण्यांत आलें कीं, तपासलेल्या ५३ जातींपैकीं प्रत्येक जातींत, बिया जेथें दाट पडल्या तेथें त्यांतील रोपटें होण्याचें प्रमाण कमी होतें. पडलेल्या बियांत जितकें वैविध्य होतें, त्याहून उगवलेल्या रोपांत अधिक होतें. पुढें मध्य अमेरिकेंतल्याच बेलीझ देशांत कांहीं जागीं बुरशीनाशक औषध फवारून पाहिलें, तेव्हां त्या जागीं रोपांचें वैविध्य घटलें. हा निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या बुरशीला आपण केवळ रोग म्हणून ओळखतों, ती अरण्यांत दुर्बळांचें रक्षण करणाऱ्या न्यायाधीशाचें काम करीत असते.

आपल्या देशांतही असें काम झालें आहे. तमिळनाडूंत निलगिरीच्या पायथ्याशीं मुदुमलै येथें बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेनें रामन सुकुमार यांच्या पुढाकारानें १९८८-८९ मध्यें ५० हेक्टरांचाच एक तुकडा आखला. ज्या केंद्राच्या वतीनें हें काम चालतें, त्या परिसरशास्त्र केंद्राची उभारणी पुण्याचे माधव गाडगीळ यांनीं केली होती. मुदुमलैचें रान सदाहरित नाहीं. तें पानगळीचें आहे. ऐन, धावडा, साग, नाणा, आंवळा अशीं आपल्या ओळखीचीं झाडें तेथें आहेत. जाती सुमारे सत्तर, पहिल्या गणनेंतील झाडें सुमारे पंचवीस हजार. पनामाच्या रानाहून हें रान विरळ आहे. पण तेथें दोन बलवान शक्ति वावरतात: वणवा आणि हत्ती.

पहिल्या दशकांत या तुकड्यावरून वणवा अनेकदां गेला. मोठ्या झाडांची जाड साल त्यांना वांचवते. बारीक खोडें मात्र जळून जातात, आणि त्यांतील कित्येक मुळांपासून पुन्हां फुटतात. हत्तींची तऱ्हा वेगळी. वारंग नांवाचें झाड त्यांच्या विशेष आवडीचें. हत्ती तें वांकवतात, मोडतात, त्याची साल सोलून खातात. पहिल्या गणनेंत वारंगाची संख्या पांच हजारांच्या घरांत होती. पुढच्या कांहीं वर्षांत त्यांतील बहुतेक झाडें गेलीं. १९९० नंतरच्या दशकांत एकूण झाडांची संख्याही पुष्कळ खालीं आली. एवढेंच ऐकलें तर कोणीही म्हणेल कीं रान उजाड होत आहे. परंतु त्याच वह्यांनीं दुसरी बाजूही दाखविली: सर्व बुंध्यांची जाडी एकत्र धरली तर ती घटली नव्हती; उलट किंचित् वाढलीच होती. लहान झाडें जात होतीं आणि मोठीं अधिक मोठीं होत होतीं. यांतून चांगलें काय आणि वाईट काय, हें एका ओळींत सांगतां येत नाहीं. मोठे वृक्ष आज भक्कम आहेत. पण त्यांच्या जागीं उद्यां उभे राहणारे पुरेसे आहेत का, याचें उत्तर पुढील गणनाच देऊं शकतात. म्हणून तेथें झाडांच्या जन्ममरणाची नोंद दरवर्षीं घेतात. हत्तींचा वावर असलेल्या त्या रानांत तेथील आदिवासी सहायकांच्या जाणत्या नजरेवांचून हें काम झालें नसतें.

आपल्या सह्याद्रीच्याच रांगेंत, कोडगु जिल्ह्यांतील उप्पंगला येथें, पांडेचरीच्या फ्रेंच संस्थेनें १९९० च्या सुमारास सदाहरित रानांत असेंच काम सुरू केलें. पनामाच्या नमुन्यावर आखलेल्या तुकड्यांची एक जगभर पसरलेली साखळीच आतां तयार झाली आहे; तींत सत्तरांहून अधिक ठिकाणें आहेत. सर्वत्र एकाच पद्धतीनें माप घेतलें जात असल्यानें मलायांतलें रान आफ्रिकेंतल्या रानाशीं ताडून पाहतां येतें.

हें सारें शास्त्रज्ञांच्या कुतूहलापुरतें आहे, असें मात्र कोणी समजूं नये. कारखाने आणि मोटारी यांच्या धुरांतून जो कर्बवायु हवेंत जातो, त्याचा एक मोठा वांटा अरण्यें शोषून घेतात. झाडाचें लांकूड हें पुष्कळ अंशीं हवेंतून घेतलेल्या कर्बाचेंच बनलेलें असतें. या आधारावर देशोदेशींचीं सरकारें आपापले हिशेब मांडीत आहेत. परंतु अरण्य दरसाल किती कर्ब साठवतें हें ठरवावयाचें कसें? पुन्हां तीच फीत आणि तीच वही. दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉनच्या खोऱ्यांत विखुरलेल्या ३२१ तुकड्यांच्या दीर्घ नोंदींवरून २०१५ सालीं असें दिसून आलें कीं, १९९० नंतरच्या दशकांत ज्या वेगानें तें रान वजन वाढवीत होतें, तो वेग पुढच्या दशकांत सुमारे एकतृतीयांशानें कमी झाला. आणि त्याचें एक मुख्य कारण म्हणजे झाडांचें वाढतें मृत्युमान. विमानांतून किंवा उपग्रहांतून पाहतां तें रान हिरवेंगारच दिसतें. ज्या पेढीवर विसंबून आपण उधळपट्टी करीत आहोंत, तिची शिल्लक पूर्वींच्या वेगानें वाढत नाहीं, ही बातमी जमिनीवर उभें राहून झाडें मोजणाऱ्यांनीं दिली.

आतां आपल्या घराजवळ येऊं. महाराष्ट्रांत दर पावसाळ्यांत झाडें लावण्याचे समारंभ होतात, आणि किती रोपें लावलीं याचे आंकडे वर्तमानपत्रांत झळकतात. लावणें चांगलेंच; परंतु पांच वर्षांनीं त्यांतलीं किती जगलीं, हा आंकडा तितक्या उत्साहानें कोणी विचारीत नाहीं. रस्त्यासाठीं किंवा खाणीसाठीं जुनें रान तोडलें आणि त्याच्या बदल्यांत दुसरीकडे तितकींच रोपें लावलीं, म्हणजे फिटंफाट झाली असें मानण्याची एक रीत पडली आहे. ज्यानें अरण्याची खानेसुमारी ऐकली, त्याला हा हिशेब पटणार नाहीं. जुन्या रानांत विरळ जातींचीं झाडें असतात, त्यांच्या बिया वाहणारे पक्षी असतात, त्यांची गर्दी आवरणारी बुरशी असते. हे सारे संबंध रोपवाटिकेच्या पिशवींतून नेतां येत नाहींत.

आपल्या देवरायांचेंही तसेंच आहे. देवाच्या नांवानें राखलेल्या या रानांची शास्त्रीय नोंद घेण्याचें काम गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनीं पन्नास वर्षांपूर्वींच आरंभिलें. आज यांतील कित्येक राया शेतें, रस्ते आणि वस्ती यांनीं वेढलेल्या लहानशा बेटांसारख्या उरल्या आहेत. बारो कोलोराडोचें उदाहरण आपणांस सावध करतें: न तोडलेलें बेटही आंतून रितें होऊं शकतें. तें होत आहे कीं नाहीं, हें श्रद्धेनें कळणार नाहीं आणि एका दिवसाच्या सहलीनेंही कळणार नाहीं. गांवच्या शाळेंतील शिक्षकानें आणि मुलांनीं देवराईंतील वृक्षांना क्रमांक देऊन, दर दिवाळीनंतर त्यांची नोंद एका वहींत ठेवली, आणि ती वही शाळेच्या कपाटांत जपली, तर तीस वर्षांनीं तिचें मोल मोठमोठ्या अहवालांहून अधिक ठरेल.

अशा कामाची एक विचित्र अवस्था असते. पहिल्या वर्षीं त्यांतून जवळजवळ कांहींच निष्पन्न होत नाहीं. दुसऱ्या गणनेनंतर थोडें कळतें. आणि जसजशीं वर्षें जातात तसतसें प्रत्येक जुन्या आंकड्याचें मोल वाढत जातें. परंतु पैसा देणाऱ्या संस्था तीन वर्षांचा किंवा पांच वर्षांचा हिशेब मागतात. एखाद्या संचालकाला वाटतें, झाडें तर पुष्कळदां मोजून झालीं, आतां पुरे. आणि वही बंद पडते. पडकें घर पुन्हां बांधतां येतें, जुनें यंत्र बदलतां येतें. पण जें वर्ष मोजलें नाहीं तें पुन्हां कोणाला मोजतां येत नाहीं. १९८२ च्या आधींचा दुष्काळ त्या रानानें कसा सोसला, हें आज कितीही पैसा ओतला तरी तितक्या बारकाईनें समजणार नाहीं.

ज्यांनीं पहिली फीत लावली त्यांना ठाऊक होतें कीं, या वृक्षांचा पुरा जन्म आपल्याला पाहावयास मिळणार नाहीं. तरी त्यांनीं माप घेतलें, रंगाची रेघ ओढली आणि पुढच्यासाठीं क्रमांक लिहून ठेवला. आपल्या राज्यांतील राया आणि रानें यांच्यासाठीं अशी रेघ आज कोणी ओढली, तर आपल्या नातवंडांना त्यांच्या अरण्याविषयीं खरें काय तें सांगतां येईल. ती ओढली नाहीं, तर त्यांना केवळ आपल्या आठवणींवर विश्वास ठेवावा लागेल. आणि आठवणींत अरण्य नेहमींच हिरवें असतें.